कॉम्प्रेसर घेण्यापूर्वी

गेल्या काही वर्षांत नांदेड आणि लातूर या दोन शहरांत, आणि त्यांच्या आधाराने किनवट, देगलूर, उदगीर, निलंगा अशा तालुक्यांच्या गावीसुद्धा, राहत्या घरातील एखादी खोली मोकळी करून तीत भीमगीते, भक्तिगीते, बंजारा गीते, लग्नाची गाणी आणि निवडणुकीच्या प्रचाराची पदे ध्वनिमुद्रित करून देणारा एक होतकरू वर्ग उदयास आला आहे. ज्या प्रदेशातील गायकाला आपला आवाज मुद्रित करून घ्यायचा तर मुंबई, पुणे किंवा हैदराबाद गाठावे लागे, आणि तेथील स्टुडिओचे तासाचे भाडे ऐकूनच जो पुष्कळदा माघारी फिरे, त्याला आता संगणक, ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक आणि हेडफोन एवढ्या सामग्रीवर औसा रोडवरच्या किंवा तरोडा नाक्याजवळच्या खोलीत आपले गाणे पुरे करता येते. ही गोष्ट मी मराठवाड्याच्या सांस्कृतिक जीवनातील महत्त्वाची घटना मानतो, आणि म्हणूनच या मंडळींच्या मनात सदैव घोळत असलेल्या एका प्रश्नाचा येथे जरा विस्ताराने विचार करण्याची मुभा घेतो. माइक झाला, इंटरफेस झाला, आता कॉम्प्रेसर कोणता घ्यावा, हा तो प्रश्न होय. माझे उत्तर असे की, ज्याच्या पदरी मोजका पैसा आहे त्याने तूर्त कोणतेही यंत्र विकत घेऊ नये. संगणकातील कार्यक्रमाबरोबर आलेला साधा कॉम्प्रेसर नीट आत्मसात करावा, तो मुद्रणाच्या वेळी न लावता नंतर लावावा, आणि आपल्या भागातील गळ्यांना व वाद्यांना सोसेल इतकाच लावावा.

हे यंत्र काय करते ते आधी सांगितले पाहिजे, कारण वृत्तपत्राचा वाचक ध्वनिमुद्रक असेलच असे नाही. गाणारा माणूस एका ओळीत कुजबुजतो आणि पुढच्या ओळीत टाहो फोडतो. या दोहोंतील अंतर कॉम्प्रेसर कमी करतो. आवाजाने एक ठरावीक मर्यादा, जिला थ्रेशोल्ड म्हणतात, ओलांडली की तिच्यावरचा भाग तो एका मुक्रर प्रमाणात, म्हणजे रेशोने, खाली दाबतो. हे दाबणे किती लवकर सुरू व्हावे ते अटॅक ठरवतो, ते किती सावकाश सुटावे ते रिलीज ठरवतो, आणि दाबल्यामुळे जे उणे झाले ते मेकअप गेनने शेवटी भरून काढायचे असते. जे काम पूर्वी नियंत्रण-कक्षात बसलेला मनुष्य मीटरवर डोळा आणि बटनावर हात ठेवून करीत असे, तेच काम हे यंत्र आपोआप करते.

या यंत्राचा जन्म रेडिओच्या आणि टेलिफोनच्या गरजेतून झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. प्रक्षेपकाला झेपेल त्याहून मोठा आवाज त्याच्यात शिरला तर तो फाटतो आणि शेजारच्या केंद्राच्या लहरींवरही अतिक्रमण करतो. उलट फार हळू आवाज दूरच्या श्रोत्यापर्यंत खरखरीतच बुडून जातो. म्हणून १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकसारख्या कंपन्यांनी हा पहारा यंत्रावर सोपवला. त्याच दशकात, १९३५ साली, निजामाच्या अमलात हैदराबादेत ‘डेक्कन रेडिओ’ सुरू झाला होता. त्या काळच्या रेडिओवर खरखर, विजेचा कडकडाट आणि मध्येच घुसणारे दुसरे केंद्र या सर्वांवर मात करून बोलणाऱ्याचा शब्द श्रोत्याच्या कानी पडावा, ही निकड खरीच होती. पुढे टेपवर मुद्रण होऊ लागले, तेव्हा टेपची स्वतःची खरखर आणि तिची वरची मर्यादा यांच्या चिंचोळ्या पट्टीत गाणे बसवण्यासाठी मुद्रणाच्या वेळीच कॉम्प्रेसर लावणे भाग पडले, आणि तो शिरस्ता होऊन बसला.

ती निकड आज घरच्या स्टुडिओत उरलेली नाही. १६ बिटांच्या मुद्रणात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आवाजातील अंतर ९६ डेसिबेलांच्या घरात असते, तर २४ बिटांत ते तत्त्वतः १४४ डेसिबेलांपर्यंत जाते. प्रत्यक्ष इंटरफेसांना इतके साधत नाही, तरी आज मिळणारा साधा इंटरफेससुद्धा शंभराच्या पलीकडे जातो. ज्या खोलीत मुद्रण चालले आहे तिचा स्वतःचा गोंगाट इंटरफेसच्या खरखरीहून कितीतरी अधिक असल्यामुळे, गायकाचा सर्वांत मोठा स्वर मीटरच्या माथ्यापासून दहा-बारा डेसिबेल खाली राहील अशा बेताने गेन लावला, तर काहीही न गमावता सारे गाणे निर्वेध उतरते. अशा स्थितीत माइक आणि इंटरफेस यांच्या मध्ये बसवण्यासाठी उंची यंत्र घेण्याची जी शिफारस होत असते, ती मोठ्या शहरांतील मोठ्या स्टुडिओंच्या परिपाठावरून आलेली असते, आपल्या गरजेवरून नव्हे. मुद्रणाच्या वेळी दाबलेला आवाज मागाहून कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही. न दाबलेला आवाज मात्र उद्या, परवा, केव्हाही आणि कितीही प्रकारांनी दाबून पाहता येतो. एवढा एकच मुद्दा विचारात घेतला तरी निर्णय होण्यास हरकत नसावी.

खोलीच्या गोंगाटाचा उल्लेख वर आला, आणि या बाबतीत आपल्या भागाची परिस्थिती इतकी विशेष आहे की तिचा हिशेब मांडल्यावाचून पुढे जाता येत नाही. समजा, थ्रेशोल्ड उणे २० डेसिबेलांवर आहे, रेशो ४:१ आहे, आणि गायकाचा सर्वांत मोठा स्वर उणे ८ पर्यंत जातो. मर्यादेच्या वरचे १२ डेसिबेल चौथ्या हिश्शावर, म्हणजे ३ वर, येतात. स्वर उणे १७ वर स्थिरावतो आणि ९ डेसिबेलांची घट होते. ही घट मेकअप गेनने भरून काढली की गायकाचा मोठा स्वर पूर्ववत होतो खरा, परंतु ओळींच्या मधल्या विश्रांतीत ऐकू येणारा पंखा, शेजारच्या खिडकीतला कूलर, रस्त्यावरचा ऑटो आणि स्वयंपाकघरातील भांडी हे सारे त्याच ९ डेसिबेलांनी, म्हणजे ध्वनिदाबाच्या मापाने जवळजवळ पावणेतीन पटींनी, पुढे सरकते. एप्रिल-मे महिन्यांत नांदेडचे तापमान चाळिशी ओलांडून जाते, तेव्हा कूलर बंद ठेवून बंद खोलीत गायकाला तासभर उभे करणे ही शिक्षाच असते. आणि खाली शहाबादी फरशी, चारी बाजूंना गुळगुळीत गिलावा आणि वर स्लॅब किंवा पत्रे अशा खोलीत प्रत्येक स्वराला एक कर्कश घुमारा चिकटतो, तोही कॉम्प्रेसर इमाने-इतबारे वर उचलून आणतो. म्हणून कॉम्प्रेसरसाठी बाजूला काढलेल्या रकमेचा पहिला विनियोग खोलीवर व्हावा असे माझे आग्रहाचे मत आहे. घरातल्या जाड गोधड्या भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवून गायकाच्या पाठीमागे व दोन्ही बाजूंना टांगाव्यात, फरशीवर सतरंजीवर सतरंजी घालावी, दाराच्या फटी बुजवाव्यात, आणि मुद्रणाची वेळ पहाटेची किंवा रात्री उशिराची ठेवावी. हे सारे मिळून मध्यम प्रतीच्या यंत्राच्या किमतीच्या अल्पांशात होते, आणि त्याचा लाभ प्रत्येक गाण्याला मिळतो.

गायकाला शिकवण्याची एक गोष्टही याच सदरात येते. वरचा स्वर लावताना वीतभर मागे सरावे आणि हळुवार ओळीला माइकजवळ यावे, ही सवय ज्याने लावून घेतली त्याच्या आवाजाला पुढे यंत्राची गरज निम्म्याने कमी लागते. फडावर आणि कीर्तनात माइकसमोर उभे राहिलेल्या जुन्या मंडळींना हे कोणी न शिकवता येत असते.

आता कॉम्प्रेसरच्या जातींकडे वळू. सर्वांत जुन्या जातीत व्हॅक्यूम ट्यूबच स्वतःची वाढशक्ती कमी-अधिक करून आवाज दाबतात. अमेरिकेतील फेअरचाइल्ड ६७० हे तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण, ज्यात वीस ट्यूब होत्या आणि ज्याचे वजन तीस किलोच्या आसपास भरे. दुसऱ्या जातीत आवाजाच्या मानाने एक प्रकाशपट्टी उजळते आणि तिच्यासमोरचा प्रकाशसंवेदी रोधक त्या उजेडानुसार आवाज दाबतो. १९६०च्या दशकात नावारूपाला आलेला टेलीट्रॉनिक्सचा एलए-२ए हा या जातीचा मुकुटमणी, आणि त्यावर कामाची बटने दोनच. प्रकाशाला प्रतिसाद देणारा तो रोधक पूर्वस्थितीवर येताना आधी झटकन व मग रेंगाळत येतो, त्यामुळे मानवी गळ्यावर त्याची पकड कळून येत नाही. तिसरी जात फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टरची. बिल पटनम यांनी १९६७ साली बाजारात आणलेला ११७६ हा तिचा प्रतिनिधी, ज्याचा अटॅक सेकंदाच्या दशसहस्रांश भागांत मोजावा इतका त्वरित असतो. चौथी जात विद्युद्दाबाने चालणाऱ्या वर्धकाची, म्हणजे व्हीसीएची, जी १९७०च्या दशकात डेव्हिड ब्लॅकमर यांच्या डीबीएक्स कंपनीने रूढ केली. ती सर्वांत काटेकोर आणि आज्ञाधारक समजली जाते. या चारही जातींच्या संगणकीय प्रतिकृती आज प्लग-इनच्या रूपाने मिळतात, काही विकत, काही विनामूल्य. मूळ यंत्र आणि प्रतिकृती यांत फरक असतो हे खरे, पण सामान्य श्रोत्याच्या मोबाइलपर्यंत पोहोचणाऱ्या गाण्यात तो ज्याच्या कानाला कळेल असा माणूस विरळा.

खरा प्रश्न आपल्या गळ्यांचा आणि वाद्यांचा आहे, आणि येथे मात्र परदेशी माहितीपुस्तिका आपल्याला वाटेतच सोडून देतात. माहूरच्या रेणुकामातेच्या गडाभोवती वाढलेला गोंधळी, माळेगावच्या यात्रेत खंडोबाची पदे म्हणणारा वाघ्या, आराधी मंडळांतील स्त्रिया, भीमजयंतीच्या मंचावर उभा राहणारा गायक, हे सर्व मोकळ्या आकाशाखाली, शेकडो माणसांपर्यंत विनायंत्र पोहोचण्यासाठी घडलेले आवाज आहेत. परभणीचे गोंधळी राजारामबापू कदम यांची कला ज्यांनी ऐकली असेल त्यांना ठाऊक आहे की या परंपरेत निवेदनाची गद्य ओळ आणि तिच्यातून उसळून वर जाणारा गाण्याचा स्वर यांच्यातील अंतर हाच नाट्याचा प्राण असतो. ते अंतर ६:१ किंवा ८:१ अशा प्रमाणाने सपाट करून टाकले, तर शब्द सारे ऐकू येतात आणि गोंधळ नाहीसा होतो. अशा गळ्यावर प्रकाशपट्टीच्या जातीचा कॉम्प्रेसर, २:१ किंवा फार तर ३:१, आणि सर्वांत मोठ्या स्वराला तीन ते पाच डेसिबेलांची घट, एवढे पुरे. त्यातूनही एखादी ओळ बुडत असेल तर ती ओळ हाताने उचलावी. प्रत्येक ओळीचा आवाज संगणकात रेषा ओढून कमी-अधिक करता येतो, आणि या कष्टाला पर्याय नाही. अण्णासाहेब गुंजकर आणि त्यांचे शिष्य नाथराव नेरळकर यांच्यामुळे ख्यालगायनाचा जो संस्कार नांदेडला लाभला, त्या गायकीत तर मंद्रातून तारसप्तकापर्यंत आवाजाचा विस्तार हळूहळू फुलवत नेणे हेच कलाकृतीचे रूप असते. तेथे मी हाताने केलेल्या मशागतीपलीकडे काही न करण्याचाच सल्ला देईन.

वाद्यांचा न्याय वेगळा. हलगी आणि संबळ ही काठीने वाजणारी वाद्ये. त्यांचा कडकडाट काठी कातड्यावर पडल्यानंतरच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत साठवलेला असतो. अटॅक एक-दोन मिलिसेकंदांवर ठेवला तर यंत्र नेमकी तीच कडा कापते आणि मागे नुसता धप्प आवाज उरतो. तोच अटॅक वीस-तीस मिलिसेकंदांवर नेला तर काठीचा घाव अबाधित निघून जातो आणि मागची घुमक तेवढी आटोक्यात येते. ढोलकीच्या धुमेचा आणि तबल्याच्या डग्ग्याचा प्रश्न निराळा आहे. त्यांच्या खर्जात इतकी शक्ती असते की एकाच ट्रॅकवर आलेला सारा ठेका तिच्या प्रत्येक घावासरशी खाली बसतो आणि वर येतो. यावर इलाज असा की, कॉम्प्रेसरला दाबायचे केव्हा हे सांगणाऱ्या अंतर्गत मार्गात शे-दीडशे हर्ट्झच्या खालचा भाग गाळून टाकावा, जी सोय साध्या प्लग-इनमध्येही असते. डग्ग्यावर मनगट दाबून जी मींड काढली जाते, तिच्यावर वेगवान रिलीज लावला तर तिचा उतार मध्येच फुगतो. तेथे रिलीज सावकाशच हवा. हार्मोनियम आणि तंबोरा यांना कॉम्प्रेसर लावण्याचे मला कारण दिसत नाही; त्यांचा आवाज मुळातच सम असतो. भजनातील टाळ मात्र गायकाच्या माइकमध्ये शिरू देऊ नयेत. औशाच्या नाथ संस्थानाच्या चक्री भजनासारखा प्रकार, ज्यात गाणारेच टाळ वाजवीत फिरतात, एका माइकवर घेऊन मग दाबला, तर प्रत्येक टाळाबरोबर शब्द गुदमरतो. ते भजन दूर ठेवलेल्या दोन माइकांवर, काहीही न दाबता घ्यावे, हेच उचित.

यंत्रांची नावे सांगा असा आग्रह होईलच, म्हणून सांगतो. रीपर नावाच्या मुद्रण-कार्यक्रमाचा साधा परवाना साठ डॉलरांना मिळतो आणि त्यासोबत येणारा रीआकॉम्प हा कॉम्प्रेसर वर सांगितलेली बहुतेक कामे करू शकतो. टोकियो डॉन लॅब्जचा कोटेलनिकोव्ह आणि क्लँगहेल्मचा डीसी१ए यांच्या विनामूल्य आवृत्त्या मिळतात. यांपैकी एक निवडावा आणि वर्षभर दुसऱ्याकडे पाहू नये. शिकताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे: कॉम्प्रेसर लावलेला व न लावलेला असे दोन्ही आवाज मीटरवर समान पातळीला आणूनच तुलना करावी, कारण मानवी कान किंचित मोठ्या आवाजाला चांगला आवाज समजतो, आणि पुष्कळ यंत्रांची कीर्ती या एका भ्रमावर उभी असते. इतके झाल्यावरही ज्याला खरे यंत्र घ्यावेसे वाटेल आणि ऐपत असेल, त्याने ते जरूर घ्यावे, पण त्याआधी घराचे अर्थिंग तपासून घ्यावे आणि चांगला स्टॅबिलायझर बसवावा. विजेच्या दाबाचे चढउतार आणि अर्थिंगच्या दोषाने येणारी पन्नास हर्ट्झची घूं यांपुढे किमती यंत्राचे गुण फिके पडतात.

एवढे सांगूनही अडचण उरतेच, आणि ती यंत्राची नसून गिऱ्हाइकाची आहे. गाणे मुद्रित करून घेणारा माणूस आपले गाणे दुसऱ्याच्या गाण्याहून मोठे वाजावे अशी मागणी करतो, आणि पोटासाठी धंदा करणारा तरुण ती अव्हेरू शकत नाही. या मागणीपायी आमच्या लोकगीतांचे जे नुकसान चालले आहे ते पाहून मला मनापासून क्लेश होतात. हलगी, सिंथेसायझर आणि गळा हे तिघे आरंभापासून शेवटपर्यंत एकाच उंचीवर, एकमेकांना रेटत उभे, आणि श्रोता तिसऱ्या मिनिटाला थकलेला. शिवाय ही स्पर्धा आता निष्फळही झाली आहे. आवाजाचा भासमान मोठेपणा मोजण्याची रीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली ठरवून दिली. युरोपातील प्रसारकांनी २०१०मध्ये तिच्या आधारे आपली पातळी उणे २३ अशी निश्चित केली. आणि यूट्यूब व स्पॉटिफाय यांसारख्या सेवा आज साधारण उणे १४च्या आसपास अधिक मोठी गाणी आपण होऊन खाली ओढतात. म्हणजे ज्याने गाणे चिरडून उणे सातवर नेले, त्याच्या गाण्याचा मोठेपणा तेथे पोहोचताच काढून घेतला जातो आणि चिरडलेपण तेवढे शिल्लक राहते. हा दाखला प्रत्येक स्टुडिओचालकाने गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष ऐकवून पटवावा.

काही कामांना जड हात लागतो, हे मी नाकबूल करीत नाही. प्रचाराच्या जीपवरील कर्ण्यातून जे पद वाजायचे आहे त्याला इंजिनाच्या आणि बाजाराच्या गलबल्यातून वाट काढायची असते, आणि कर्ण्याचा स्वतःचा आवाका अरुंद असतो. तेथे ८:१ लावला तरी कोणाची तक्रार नसावी. लातुरातील शिकवणी वर्गांची व्याख्याने मुद्रित करणारेही आता बरेच झाले आहेत. वसतिगृहाच्या खोलीत स्वस्त इअरफोनवर तासन्‌तास भौतिकशास्त्र ऐकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने, फळ्याकडे तोंड वळवून बोललेले वाक्य आणि समोर पाहून बोललेले वाक्य सारख्याच स्पष्टतेने ऐकू येणे ही चैन नसून निकड असते. ३:१, पाच-सहा डेसिबेलांची घट, आणि शिक्षकाच्या सदऱ्याला लावलेला माइक, ही तजवीज तेथे योग्य.

परंतु या दोन प्रकारांखेरीज जे काही आपल्या खोल्यांत मुद्रित होते, त्याच्या मूळ प्रतीचे काय, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि बर्नार बेल यांच्या साहाय्याने त्यांपैकी पुष्कळ ओव्या त्या त्या स्त्रियांच्या आवाजात मुद्रित झाल्या. मराठवाड्यातील माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्याही त्यांत आहेत. आज जाती थांबली आहेत आणि गाणाऱ्यांपैकी कित्येक जणी हयात नाहीत. तो आवाज आता तेथेच आहे. घरच्या स्टुडिओत येणारा सत्तर वर्षांचा गोंधळी किंवा लमाण तांड्यावरची म्हातारी यांच्या बाबतीत हेच काम आपल्या हातून, न कळत, घडत असते. गाणे तयार झाले की गिऱ्हाइकाला एक दाबलेली फाइल दिली जाते आणि जागा अडते म्हणून मूळ ट्रॅक पुसले जातात. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटांच्या एका ट्रॅकला मिनिटाला नऊ मेगाबाइटांहूनही कमी जागा लागते; आठ ट्रॅकांचे पाच मिनिटांचे गाणे साडेतीनशे मेगाबाइटांत बसते. हार्ड डिस्कच्या आजच्या भावात ही बचत नाहक आहे.

माझी सूचना अशी की, प्रत्येक स्टुडिओचालकाने गायकाच्या हाती दोन प्रती द्याव्यात, एक संस्कार केलेली आणि एक जशीच्या तशी, आणि दुसरीवर गायकाचे नाव, गाव, वाद्यवृंद व तारीख नोंदवावी. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने, ज्याचे उपकेंद्र लातुरातही आहे, गायकाच्या लेखी संमतीने अशा मूळ प्रती जमा करून घेण्याचे दप्तर उघडावे. त्यासाठी इमारत नको, एक साठवण-यंत्रणा, एक जाणता कर्मचारी आणि प्रती स्वीकारण्याचा छापील नमुना एवढ्यावर आरंभ करता येईल. तोपर्यंत मुद्रण करणाऱ्यांनी जुने ट्रॅक पुसण्याचे थांबवले, तरी दप्तर उघडेल त्या दिवशी त्यात ठेवण्याजोगे काही आपल्यापाशी असेल.